फॉरवर्ड केलेली आरसी

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

जाधव (ए-२०३): टीव्ही लावा. दिल्लीत लाल किल्ल्याच्या मेट्रो स्टेशनपाशी गाडीत स्फोट झालाय.

शेट्ये काकू: अगं बाई! आमचा भाचा राजेंद्रनगरला यूपीएससीच्या क्लासला आहे. फोनच लागत नाहीये.

सेक्रेटरी: काकू, राजेंद्रनगर तिथून लांब आहे. सगळेच एकदम फोन करत असतील, लागेल.

पाटणकर (बी-४०१): सीएनजी असणार. बातमी बघितल्या बघितल्या हिला म्हटलं, सीएनजीच.

जाधव: आठ गेले म्हणतायत. सीएनजीने एवढं होतं होय?

पाटणकर: न व्हायला काय? आपल्या पार्किंगमध्येपण चार सीएनजी गाड्या आहेत. मी वार्षिक सभेत बोललो तेव्हा सगळे हसलात.

केळकर काका (ए-१०१): पाटणकर, मी कोकण रेल्वेत करबुडे बोगद्यावर होतो. साडेसहा किलोमीटरचा बोगदा, सुरुंग किती उडताना बघितले त्याचा हिशेब नाही. तरी पडद्यावरचा धूर बघून काय फुटलं ते मला सांगता येत नाही. सीएनजी हवेपेक्षा हलका, गळला तर वर निघून जातो. टाकीत साधारण २०० बार दाब असतो, म्हणून दर तीन वर्षांनी टाकीची टेस्ट लागते. ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनी टेस्टची तारीख सेक्रेटरींना कळवा. दिल्लीचं दिल्लीवाले बघतील.

पाटणकर: काका, रस्त्याला खड्डा पडलेला नाही. बॉम्ब असता तर खड्डा नसता पडला? चॅनेलवर तज्ज्ञच सांगत होते.

केळकर काका: सुरुंग खडकाला भोक पाडून आत भरतात, म्हणून खडक फुटतो. गाडी रस्त्याच्या वर उभी. खड्डा नाही म्हणून बॉम्ब नाही असं होत नाही. बॉम्बच आहे असंही मी म्हणत नाहीये. नमुने लॅबमध्ये जाऊ देत.

शेट्ये काकू: लागला फोन. मेसमध्ये जेवत होता शहाणा. मी इकडे देव पाण्यात ठेवायचे बाकी होते.

पाटणकर: [फोटो] हा बघा. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, याच्या नावावर. हरियाणाची गाडी. सगळ्या ग्रुपवर फिरवा, सुटता कामा नये.

वैद्य मॅडम (सी-३०२): पाटणकर, तो फोटो आधी काढा. पोलीस आयुक्तांनी इतकंच सांगितलंय की ६ वाजून ५२ मिनिटांच्या सुमारास सावकाश येणारी गाडी सिग्नलला थांबली आणि स्फोट झाला. नंबर मिळाला की पोलीस आधी कागदावरच्या मालकाकडे जातात. त्याने ती कधीच विकलेली असू शकते.

जाधव: पण मॅडम, ९३ च्या मुंबई स्फोटांतले कागदावरूनच सापडले ना? वरळीला मारुती व्हॅन सोडून पळाले, ती टायगर मेमनच्या घरातली निघाली.

वैद्य मॅडम: बरोबर. पण पोलीस तेवढ्यावर थांबले नाहीत. मेमनांच्या माहीमच्या घरात स्कूटरची किल्ली मिळाली, ती दादरला न फुटलेल्या स्कूटरला लागली, तेव्हा धागा पक्का झाला. इथे किल्ली नाही, कुलूप नाही, नुसती आरसी. बरं पाटणकर, तुमची जुनी वॅगन-आर कोणाच्या नावावर आहे?

पाटणकर: तिचा इथे काय संबंध? दोन वर्षांपूर्वी विकली.

वैद्य मॅडम: गणपतीत तुम्हाला कराडच्या सिग्नलचं चलान आलं होतं. आरती सोडून माझ्याकडे विचारायला आला होतात.

जाधव: 😂😂

पाटणकर: सह्या करून दिल्यात. पुढचं काम एजंटचं.

वैद्य मॅडम: कायद्यात एजंट नसतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५०: विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, फॉर्म २९. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय, नाव बदललं नसेल तर अपघाताची भरपाई रेकॉर्डवरच्या मालकाकडून. आता अधिकृत डीलरला गाडी देताना फॉर्म २९सी असतो, तुमच्या वेळी एजंटने काय भरलं ते तोच जाणे. उद्या कराडला त्या वॅगन-आरने काही केलं तर असाच फोटो तुमचा फिरेल. ग्रुप फोटोतला, फेटा घातलेला.

सेक्रेटरी: फोटो डिलीट झालाय. पाटणकरांचे आभार. आता झोपा.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

जाधव: एनआयएकडे, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे, तपास दिला. ती गाडी बऱ्याच हातांतून फिरलेली म्हणे. कालचा फोटोवाला केव्हाच विकून मोकळा.

पाटणकर: पण ज्याचं नाव आता येतंय ते वाचलंत का? डॉक्टर आहे, पुलवामाचा. नाव वाचलं की पुढचं सांगायला नको.

काझी सर (बी-१०२): सांगा की, पाटणकर. पुढचं काय?

पाटणकर: सर, तुम्हाला नाही म्हटलं.

काझी सर: ते माहीत आहे. मला वगळूनच म्हणतात सगळे. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला बोट लागली, तीन एके-४७ मिळाल्या, आठवतंय? माझा आतेभाऊ रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरवर. दुपारपर्यंत त्याला निम्म्या गावाचे फोन, ‘तुमच्यातलं कोण?’ फडणवीसांनी त्याच दिवशी विधानसभेत सांगितलं, बोट ऑस्ट्रेलियन बाईची, ओमानकडून वाहत आलेली. एकाचाही परत फोन आला नाही.

सावंत (सी-१०४): आम्ही श्रीवर्धनकडचे. ९३ चं आरडीएक्स आमच्या शेखाडीला उतरलं. कस्टमवाल्यांनी पैसे खाल्ले, २५७ माणसं मेली मुंबईत. मी तेव्हा लालबागला खोली शोधत होतो. गाव श्रीवर्धन म्हटलं की घरमालक दार पुढे ढकलायचा. सावंत असून. तेव्हा काझी सरांचं मला कळतं.

जाधव: त्याच वेळी मुख्यमंत्री शरद पवारांनी टीव्हीवर मस्जिद बंदरचा एक जास्तीचा स्फोट सांगितला ना? झालेलाच नव्हता.

सावंत: हो. दंगल होऊ नये म्हणून सांगितलं, हे त्यांनी स्वतःच नंतर कबूल केलं.

पाटणकर: बघा! मुख्यमंत्रीच असं सांगत असतील तर आम्ही अंदाज बांधायचा नाही तर काय?

वैद्य मॅडम: मुद्दा आहे तुमचा, नाही म्हणत नाही. सरकारचंही डोळे झाकून घेऊ नये. पण त्यांनी शहर शांत ठेवायला सांगितलं. तुमच्या कालच्या फोटोने कोणाचं घर शांत राहिलं असतं?

काझी सर: आणि ज्याने केलं असेल त्याला फासावर द्या, माझी सही आधी घ्या. तो डॉक्टर असो की कोणी.

शेट्ये काकू: सर, संध्याकाळी सोलकढी पाठवते. भाभींना सांगा डबा धुऊन नको, तसाच चालेल.

बुधवार, १२ नोव्हेंबर

जाधव: मंत्रिमंडळाने ठराव केला. दहशतवादी घटना.

पाटणकर: मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, बॉम्ब आहे.

केळकर काका: तुम्ही सीएनजी म्हणाला होतात. वर जाऊन बघा, खोडलेलं नाही.

पाटणकर: असो. वैद्य मॅडम, एजंट फोन उचलत नाही. तो फॉर्म २९ ऑनलाइन भरता येतो का?

वैद्य मॅडम: परिवहन पोर्टलवर अर्ज करा. विकल्याच्या पावतीची झेरॉक्स घेऊन शनिवारी घरी या.

पाटणकर: पावती एजंटकडे आहे.

सेक्रेटरी: टाकीच्या टेस्टच्या तारखा तिघांच्या आल्या. चौथी गाडी बी-४०२ ची, त्यांनी कृपया कळवावं.