स्वतःच घ्यायचं गर्भनिरोधक इंजेक्शन: बायकांना काय आणि किती सांगता?

मिडलँड्सची_सिस्टर
नमस्कार मंडळी, मी इंग्लंडमध्ये एका जीपी सर्जरीत (म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात) नर्स आहे, त्याआधी नाशिकला होते. इथे सायाना प्रेस नावाचं इंजेक्शन बायकांना घरी स्वतःचं स्वतः घ्यायला शिकवतो, दर 13 आठवड्यांनी एक, पोटावर नाहीतर मांडीवर. घरी घ्यायची परवानगी 2015 पासून आहे. मराठी-गुजराती बाई दिसली की रिसेप्शनवाली सरळ माझ्याकडे पाठवते.
शिकवायचा काही प्रॉब्लेम नाही. अर्धा मिनिट जोरात हलवायचं, टोपण दाबून चालू करायचं, कातडी चिमटीत धरून सुई घालायची, हळूहळू 5-7 सेकंद दाबायचं, नंतर चोळायचं नाही. घाबरतात, पण माझ्यासमोर एकदा घेतलं की "एवढंच होय?" म्हणतात. खरी गंमत पुढे होते. दोनेक महिन्यांनी फोन येतो, सिस्टर रोज थोडं थोडं रक्त जातंय, नाहीतर पाळीच आली नाही, आणि मग पुढचं इंजेक्शन कपाटातच पडून राहतं, सांगत पण नाहीत.
अपॉइंटमेंट 20 मिनिटांची, त्यात बीपी, वजन, ट्रेनिंग सगळं बसवायचं. साइड इफेक्ट्स सांगते, पत्रक देते, त्या नुसतं "हो हो" करतात. जास्त सांगितलं तर घाबरून नकोच म्हणतील असंही वाटतं. भारतात अंतरा, म्हणजे सरकारी दवाखान्यातलं तीन महिन्यांचं गर्भनिरोधक इंजेक्शन, देणाऱ्या कोणी आहात का इथे? तुम्ही कसं करता?

उपकेंद्र_आणि_मी
ताई मी एएनएम आहे, उपकेंद्रातली नर्स, आमच्याकडे अंतरा 2017 ला सुरू झालं. आमचं 150 मिलिग्रॅमचं, स्नायूत द्यायचं, आम्हीच देतो, घरी न्यायला देत नाही. पण पाळीचं रडगाणं सेम टू सेम.
मी सुरुवातच पाळीपासून करते, इंजेक्शन नंतर. आणि साइड इफेक्ट वगैरे म्हणत नाही, सरळ विचारते, "दोन महिने पाळी आली नाही तर घरात कोण काय म्हणेल?" बस, मग बाई बोलायला लागते. सासू म्हणेल दिवस गेले, नवरा म्हणेल काहीतरी बिघाड झाला, कोणी म्हणेल घाण आत साठली. आणि आमच्याकडे अजून काही घरांत बाहेर बसतात, तिथे पंधरा दिवस डाग लागत राहिले तर पंधरा दिवस चुलीला हात नाही, देवघर नाही, तेव्हा ती बाई इंजेक्शन सोडणारच ना, तिचं काय चुकलं? अशा बाईला मी तांबीचं पण सांगते, छाया या गर्भनिरोधक गोळीचं पण सांगते, हेच घे म्हणत नाही.
घाण साठते वालीला सांगते की दर महिन्याला आत जे अस्तर तयार होतं ते या औषधाने फारसं तयारच होत नाही, मग बाहेर काय येणार. पटतं. एकदा सांगून नाही पटत, दुसऱ्या डोसला परत सांगावं लागतं. आणि आशाताई मधे एक चक्कर मारते, ते फार कामाचं.

डॉ_संध्याकाळची_ओपीडी
वरचं उत्तर एक नंबर. थोडं माझ्याकडून.
मलावीत 2018 चा अभ्यास आहे, स्वतः इंजेक्शन घेणाऱ्या बायकांपैकी 73 टक्के वर्षभर टिकल्या, केंद्रात जाऊन घेणाऱ्यांपैकी 45 टक्के. म्हणजे घरी दिलं म्हणून बायका सोडतात असं समजू नका, उलट हेलपाटा वाचतो. सोडायचं कारण बहुतेक वेळा रक्तस्रावच असतो आणि ते आधी माहीत असेल तर बाई कळ काढते. पहिले काही महिने अनियमित जातं, वर्षभरात निम्म्याहून जास्त जणींची पाळी थांबते. भरपूर जात असेल किंवा पोटात खूप दुखत असेल तर मात्र वाट बघत थांबायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं.
अजून एक जे लोक घाईत विसरतात, बंद केल्यावर दिवस राहायला वर्षभरसुद्धा लागू शकतं. पुढच्या वर्षी मूल हवंय असं म्हणणारीला हे देऊच नका, नंतर शिव्या खाल. हाडांची घनता थोडी कमी होते म्हणून दर दोन वर्षांनी परत विचार करायचा. आणि 2024 मध्ये मेनिंजिओमाचं आलं, मेंदूच्या आवरणाची गाठ, वर्षाहून जास्त वापरात धोका वाढलेला दिसला, मुळात तो फार कमी आहे, पण पेपरात वाचून आलेली बाई विचारणार, उत्तर तयार ठेवा.

जुनी_मोर्चेवाली
"जास्त सांगितलं तर नको म्हणतील" हे वाचून राहवलं नाही. म्हणू देत की नको! हैदराबादजवळ पटनचेरूला 1985 मध्ये नेट-एन या दुसऱ्या एका गर्भनिरोधक इंजेक्शनची चाचणी ठेवली होती, आलेल्या बायकांना ही चाचणी आहे हेच धड सांगितलं नव्हतं, स्त्री संघटनेच्या बायकांनी तिथे जाऊन ते उघडं केलं आणि 1986 मध्ये प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. आम्ही मुंबईत त्या वेळी पत्रकं वाटत फिरलोय. एएनएम ताई, तुमच्यासारख्या असतात तिथे माझी तक्रार नाही, पण टार्गेट आलं की बोलणं आटपतं हे पण पाहिलंय. आणि हे औषध एकदा अंगात गेलं की तीन महिने काढता येत नाही, तांबीसारखं नाही ते. हे वाक्य पत्रकात नको, तोंडाने सांगा.

रीडिंगची_पुणेकर
मी वापरणारी. मला खरं तर सुईपेक्षा सुईच्या पिवळ्या डब्याची धास्ती, सासूबाई सहा महिने राहायला आल्या होत्या आणि किचनमध्ये तो डबा बघून यांना डायबेटिस झाला का विचारत होत्या. तर कुठे ठेवणार, फेकणार कुठे, हे पण विचारत जा सिस्टर. आणि फ्रिजमध्ये ठेवू नका हे दोनदा सांगा, मी ठेवायलाच निघाले होते.
दुसरं, भारतात जायच्या वेळी तारीख मधे आली तर काय? हे कोणीच सांगत नाही.

मिडलँड्सची_सिस्टर
सगळ्यांना थँक्यू. मोर्चेवाली ताई, पटलं, तीन महिने काढता येत नाही हे आता सगळ्यात आधी. आणि "घरात कोण काय म्हणेल" हा प्रश्न मी ढापला.
पुणेकर, जायच्या आधी मागच्या इंजेक्शनला 10 आठवडे झाले असतील तर लवकर घेऊन टाका, चालतं. उशीर झालाच तर 14 आठवड्यांपर्यंत ठीक, त्यापुढे कंडोम आणि मला फोन. तिकडे अंतराला चार आठवडे उशीर चालवतात, त्यामुळे नातेवाईक वेगळं सांगतील, गोंधळू नका. सोबत न्यायचं असेल तर हँडबॅगेत, प्रिस्क्रिप्शनची कॉपी ठेवून.
आशाताई काही इथे मिळणार नाही, पण सहाव्या आठवड्याला मीच एक फोन करायचा म्हणतेय. एएनएम ताई, तुमची आशाताई त्या चकरेला नेमकं काय विचारते? नवरा, सासू समोर असतील तर?

उपकेंद्र_आणि_मी
बाळाचं वजन विचारायला आले म्हणते 😄 मग बाई स्वतःच दारापर्यंत सोडायला येते आणि तिथे बोलते. फोनवर असाल तर हो-नाही मध्ये उत्तर देता येईल असं विचारा, "रोज जातंय का?", "कोणी काही बोललं का?", बाकी तुम्हाला आवाजावरून कळेल.