फायनलची गॅलरी

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी विंग फुटबॉल चषकाची फायनल, ए विरुद्ध सी. मांडववाल्याने बांबू-फळ्यांची गॅलरी सुचवली आहे. मागची ओळ बारा फुटांवर, सव्वाशे माणूस आरामात बसेल म्हणतो. भाडं वर्गणीत बसतंय. कुणाची हरकत असेल तर आज रात्रीपर्यंत कळवा.

ओंकार (सी-१०२): हरकत कसली सर! नाद खुळा होणार. आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमचा फील आला पाहिजे.

सुर्वे (ए-१०१): गॅलरी नेमकी कुठे? माझ्या गाडीसमोर नको.

ऋतुजा (सी-३०१): पोरींची मॅच आधी ठेवा. गेल्या वर्षी आमचा सेकंड हाफ मोबाईलच्या उजेडात झाला.

भोसले काका (बी-४०१): माझी हरकत आहे. सविस्तर लिहितो, थांबा.

ओंकार (सी-१०२): काका टायपिंग सुरू झालं. चहा टाका कुणीतरी.

भोसले काका (बी-४०१): ५ एप्रिल १९०२. ग्लासगोचं आयब्रॉक्स मैदान. स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. या दोन शेजाऱ्यांचं वैर तेव्हाच तीस वर्षांचं होतं, कारण पहिली अधिकृत आंतरराष्ट्रीय मॅच यांचीच, १८७२ साली, तीही ग्लासगोतच, शून्य-शून्य. तर १९०२ ला अडुसष्ट हजारांच्या आसपास पब्लिक आलं. मैदान जेमतेम सव्वादोन वर्षांचं. पश्चिमेच्या बाजूला उंच गॅलरी, खाली लोखंडी सांगाडा, वर लाकडी वासे आणि फळ्या. माणसं उभी राहून बघणार. आदल्या रात्री धुवांधार पाऊस झालेला. खेळ चालू असताना गॅलरीचा एक तुकडा मोडला आणि त्यावरची शेकडो माणसं त्या भोकातून खाली गेली. सुमारे चाळीस फूट. म्हणजे माझ्या घराच्या स्लॅबवरून थेट पार्किंगमध्ये. २५ माणसं दगावली, पाचशेच्या वर जखमी.

वैशाली वहिनी (ए-३०३): बापरे. काका, आमची लेक ग्लासगोलाच आहे. तिनं कधी सांगितलं नाही हे.

ओंकार (सी-१०२): काका ते चाळीस फूट, आपली बारा फूट. आणि पावसाळा पण नाही.

भोसले काका (बी-४०१): बारा फुटांवरून पडून बघ. मी कॅमेरा धरतो.

ओंकार (सी-१०२): 🙏

सेक्रेटरी: काका, मांडववाला म्हणतो की गणपतीच्या स्टेजवर याच फळ्यांवर तीस माणसं उभी होती, काही झालं नाही.

भोसले काका (बी-४०१): स्टेजवरची माणसं आरतीला उभी होती. फुटबॉल बघणारा माणूस म्हणजे पोतं नव्हे. पोतं ठेवलं तिथं राहतं. माणूस बॉलबरोबर डावीकडे झुकतो, उजवीकडे झुकतो, गोल झाला की उडी मारतो आणि शेजारच्यालाही ओढतो. सगळे एकाच वेळी. कागदावर मांडलेलं वजन आणि हे हलतं वजन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बांधकाम खात्यात तीस वर्षं पूल मोजण्यात गेली माझी, त्यामुळे एवढं तरी सांगू द्या. त्या दिवशी स्कॉटलंडकडून बॉबी टेम्पलटन नावाचा विंगर पहिल्यांदाच खेळत होता, बॉल घेऊन कडेनं पळाला की लोक वेडे व्हायचे. त्याला बघायला म्हणून गर्दी एका अंगाला लवली आणि फळ्यांनी दम सोडला, असं तिकडे सांगतात. ते खरं की नंतर रचलेलं, कोण जाणे. पण गर्दी लवते हे खरं.

जाधव सर (बी-२०२): आरोपी कोण ठरलं मग? कारण आपल्याकडे अशा वेळी कोणीच ठरत नाही.

भोसले काका (बी-४०१): तिकडेही तेच झालं, सर. खटला भरला तो गॅलरी बांधणाऱ्या ठेकेदारावर. आरोप असा की ठरलेलं लाकूड न लावता हलक्या पाइनचं लावलं. जुलैमध्ये निर्दोष सुटला. आराखडा काढणारा आर्चिबाल्ड लीच, तो स्वतः रेंजर्सचा, म्हणजे आयब्रॉक्स ज्यांचं त्या क्लबचा चाहता. मॅचला हजर होता. आपण कागदावर काढलेली गॅलरी डोळ्यांदेखत पडताना बघितली त्यानं.

सुर्वे (ए-१०१): त्याचं लायसन्स गेलं असेल.

भोसले काका (बी-४०१): उलट. त्यानं क्लबला विनवणी केली की मैदान पुन्हा बांधायचं काम मलाच द्या. आणि दिलं! पुढे इंग्लंड-स्कॉटलंडमधली अर्धी नावाजलेली मैदानं त्याच्या हातून घडली. ओल्ड ट्रॅफर्ड, हायबरी, गुडिसन पार्क. गर्दी एकावर एक कोसळू नये म्हणून मध्ये मध्ये लोखंडी कठडे घालतात ना, त्याचं पेटंट त्यानंच घेतलं. फुटबॉलच्या आधी तो चहाचे कारखाने बांधायचा, त्यांतले काही सिलोनमध्ये.

ओंकार (सी-१०२): ओल्ड ट्रॅफर्ड?? काका हे आधी सांगायचं.

ऋतुजा (सी-३०१): ओंकार मॅन्चेस्टरचं नाव आल्यावर जागा झाला.

वैशाली वहिनी (ए-३०३): पण मॅचचं काय झालं? थांबवली असेलच.

भोसले काका (बी-४०१): साधारण वीस मिनिटं थांबवली. मग पुढे खेळले.

वैशाली वहिनी (ए-३०३): काय सांगता! माणसं मेलेली असताना?

सुर्वे (ए-१०१): गोऱ्यांना माणुसकी नाही हे मी कधीपासून सांगतोय.

भोसले काका (बी-४०१): सुर्वे, जरा ऐका. एवढं मोठं मैदान, समोरच्या बाजूला काय झालंय ते बहुतेकांना कळलंच नव्हतं. मॅच रद्द म्हटलं असतं तर साठ-पासष्ट हजार माणूस एकदम उठला असता, काही चिडले असते, काही बघायला धावले असते, आणि जखमींना बाहेर काढायला वाट उरली नसती. म्हणून खेळ चालू ठेवला. मैदानाच्या कडेनं मोडक्या फळ्यांवर घालून माणसं नेतायत आणि मध्ये बॉल फिरतोय. खेळाडूंनी कपडे बदलायच्या खोल्यांत जखमींना आणलेलं पाहिलं होतं, त्यांचे पाय कसे चालले असतील देव जाणे. तरी त्या घडीला निर्णय बरोबर होता असं माझं मत आहे.

जाधव सर (बी-२०२): मला पटत नाही. पण मी तिथं नव्हतो.

भोसले काका (बी-४०१): आणखी एक ऐका. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर त्याच मोडक्या गॅलरीवर, भोकाच्या कडेला, लोक परत जाऊन उभे राहिले.

ओंकार (सी-१०२): हे मात्र आपल्याकडे पण होईल 😐

भोसले काका (बी-४०१): म्हणूनच सांगतोय बाबा.

ऋतुजा (सी-३०१): काका स्कोअर?

भोसले काका (बी-४०१): १-१. पण तो धरला नाही. अधिकृत नोंदीत ती मॅच नाही. ३ मे ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर पुन्हा खेळवली, २-२ झाली, आणि तिकिटांचे पैसे अपघाताच्या मदतनिधीला गेले. ब्रिटनमधल्या चार देशांच्या स्पर्धेचं त्या वर्षीचं विजेतेपद शेवटी स्कॉटलंडलाच मिळालं. तसं बघितलं तर ती मॅच एरवीही लक्षात राहिली असती, कारण दोन्हीकडचे बावीसच्या बावीस खेळाडू पगारी, असं या दोघांच्या मॅचमध्ये पहिल्यांदाच घडत होतं. त्याआधी एखाददुसरा हौशी साहेब असायचाच.

ओंकार (सी-१०२): रेंजर्स म्हणजे सेल्टिकवाले रेंजर्स ना? त्यांचं तर लई पेटतं.

भोसले काका (बी-४०१): तेच. दोन्ही ग्लासगोचेच क्लब. त्याची गंमत सांगतो. रेंजर्सनी आदल्या वर्षी ग्लासगोच्या प्रदर्शनात एक कप जिंकला होता. मदतनिधीला पैसे जमावेत म्हणून त्यांनी तोच कप पुन्हा स्पर्धेला लावला. चार टीम: रेंजर्स, सेल्टिक, इंग्लंडहून एव्हर्टन आणि सुंदरलँड. फायनलला कोण आलं असेल?

ओंकार (सी-१०२): नको…

भोसले काका (बी-४०१): रेंजर्स-सेल्टिक. जादा वेळेत सेल्टिकनं ३-२ नं मारलं, तिन्ही गोल जिमी क्विनचे. कप गेला तो गेला.

ओंकार (सी-१०२): स्वतःचा कप स्वतः लावून हरले! या पेठेनं त्या पेठेला दिल्यासारखं झालं की. पिढ्यान्‌पिढ्या चिडवत असतील.

[हा संदेश हटवला आहे]

सेक्रेटरी: सुर्वे, ग्रुपवर फुटबॉलवाल्या तालमींची नावं घेऊन काही टाकू नका. विनंती.

जाधव सर (बी-२०२): काका, तुम्ही जुलै १९०२ म्हणालात. त्या उन्हाळ्यात आपले शाहू महाराज विलायतेत होते, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी. महाराज तिकडे असतानाच २६ जुलैला मागास वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखीव ठेवण्याचा हुकूम इकडे निघाला. म्हणजे ठेकेदाराचा खटला आणि हा हुकूम एकाच महिन्यातले.

ओंकार (सी-१०२): मग महाराजांनी पेपरात वाचलं असणार आणि म्हणून खासबागचं कुस्तीचं मैदान मातीवर बांधलं! 🔥

जाधव सर (बी-२०२): ओंकार, दोन गोष्टी एका महिन्यात घडल्या म्हणून एकीतून दुसरी निघत नाही. खासबागची कल्पना रोमच्या कलोसियमवरून आली. मैदान तयार झालं १९१२ ला.

भोसले काका (बी-४०१): सर बरोबर. पण पोराचा नेम अगदीच चुकला नाही. आयब्रॉक्सनंतर तिकडे उंच लाकडी गॅलऱ्यांवरचा विश्वास उडाला. मातीचे भराव टाकायचे आणि त्यावर पायऱ्या, किंवा पुढे काँक्रीट, अशी रीत पडली. आता खासबागेत जाऊन बघा. मध्ये कुस्तीचा हौदा, भोवती चढत जाणारी जमीन, पब्लिक उतारावर बसलेलं. खाली पोकळी नाहीच, पडणार कुठे? हजारो माणसं शिट्ट्या मारू देत, माती हलत नाही. इंजिनियर म्हणून मला खासबाग आवडतं ते यासाठी. कुस्तीतलं मला शष्प कळत नाही.

वैशाली वहिनी (ए-३०३): लेकीला आत्ता विचारलं. म्हणाली मैदानाबाहेर रेंजर्सचा जुना कॅप्टन जॉन ग्रेग याचा पुतळा आहे, खाली निळ्या पाट्यांवर गेलेल्यांची नावं. १९०२ ची पण आहेत, आणि १९७१ ची तर कितीतरी जास्त. १९७१ ला काय झालं होतं काका?

भोसले काका (बी-४०१): २ जानेवारी १९७१, रेंजर्स-सेल्टिक. मॅच संपल्यावर बाहेर पडताना तेरा नंबरच्या जिन्यावर चेंगराचेंगरी. ६६ गेले. तेच मैदान. गॅलरी पक्की केली, जिना राहिला.

सेक्रेटरी: ठीक. काका, तुम्ही पर्याय सांगा. पोरांना नुसतं नाही म्हणून चालणार नाही.

भोसले काका (बी-४०१): प्लॉटच्या मागच्या बाजूला कंपाउंडचं जुनं खोदकाम पडलंय. त्यावर चार ट्रॉली मुरूम टाका, पाणी मारून धुमसून घ्या, तीन टप्पे पाडा. उंची चार फुटांच्या वर नको. म्हाताऱ्यांना पुढे खुर्च्या. आणि येण्या-जाण्याच्या दोन वाटा मोकळ्या, तिथं स्कूटर लावायची नाही. माझी पण.

ओंकार (सी-१०२): चालतंय काका. धुमस आम्ही मारतो. सी विंग शनिवारी सकाळी सहाला हजर.

ऋतुजा (सी-३०१): सी विंगची पोरं सहाला उठली तर तीच बातमी.

सेक्रेटरी: मांडववाल्याला फोन केला, गॅलरी रद्द, फक्त खुर्च्या आणि सावलीचं कापड. पोरींची मॅच साडेतीनला, फायनल पाचला. मुरूम उद्या येतोय.

सुर्वे (ए-१०१): मुरूम पार्किंगमध्ये ओतू नका. गेल्या वर्षीचा ढीग अजून माझ्या गाडीमागं आहे.

सेक्रेटरी: सुर्वे, तोच आधी वापरतो. मग तीन ट्रॉली पुरतील.