चित्रबलाकांच्या पिल्लांवर नजर ठेवायला काय घेऊ? बजेट १५ हजार

चिंचेची_शाळा
नमस्कार मंडळी. इंदापूर तालुक्यात शिक्षिका आहे. शाळेला लागून चार जुन्या चिंचा आहेत, त्यांवर यंदा चित्रबलाक पक्ष्यांची २३ घरटी मोजली. गेल्या वर्षी पिल्लं किती झाली आणि त्यातली उडून किती गेली, हे गावात कुणालाच सांगता आलं नाही. झाडाखाली मेलेली मात्र आम्ही उचलली. म्हणून यंदा सातवीची मुलं दर शनिवारी नोंद ठेवणार आहेत. गच्चीवर उभं राहिलं की मधली घरटी बरोबर नजरेच्या उंचीला येतात, अंतर साठ-सत्तर मीटर. माझ्या ८ बाय ४० च्या दुर्बिणीतून पिल्लू आहे एवढं कळतं. दोन आहेत की तीन, ते कळत नाही. लोकवर्गणीचे १५ हजार जमलेत, त्यावर एक रुपया नाही. काय घ्यावं?

भिगवण_क्लिक
१५ हजारात डोकंदुखी येते, मॅडम. मी कॅमेऱ्याची १५०-६०० ची लांब पल्ल्याची लेन्स घेतली, बॉडीसकट दीड लाख गेले, पण पिल्लाच्या डोळ्यातलं आभाळ दिसतं. थोडं थांबा, अजून वर्गणी काढा.

उजनीकाठ
वर्गणी म्हणजे काय झाडाला लागते का? ताई, आधी पाण्याकडे बघा. भादलवाडीच्या तलावातल्या बाभळींवर हेच पक्षी बसतात. ज्या साली पाणी आटलं त्या साली घरटी ओस. पिल्लाला दिवसभर मासा लागतो, तो मिळाला नाही तर दुर्बिणीतून मेलेलंच दिसणार. आणि चित्रबलाक हे पुस्तकातलं नाव. आम्ही करकोचाच म्हणतो.

मराठीपक्षी
करकोचा म्हटलं तर कुठला कळणार? पांढऱ्या मानेचा, उघड्या चोचीचा, सगळे करकोचेच. चित्रबलाक हेच बरोबर. आणि जिथे ते वस्तीने घरटी करतात ते सारंगागार, मुलांना हा शब्द जरूर शिकवा.

सिग्नल_शोधक
मोजून काय होणार? पिल्लं उडाल्यावर जातात कुठे, हा खरा प्रश्न. युरोपात पांढऱ्या करकोच्यांच्या पिल्लांना उडण्याआधीच पाठीवर सौरऊर्जेवरचे जीपीएस ट्रान्समीटर बसवतात, पार आफ्रिकेपर्यंतचा माग मिळतो. १८२२ साली तर जर्मनीत मानेत आफ्रिकेतला बाण रुतलेला करकोचा सापडला होता, तेव्हा कळलं हे हिवाळ्यात कुठे जातात. आता बाणाची वाट कशाला बघायची? एक ट्रान्समीटर लावाच.

कडीवाला
सिग्नल दादा, शाळेच्या धाग्यावर हे सांगू नका. चित्रबलाकाचं पिल्लू नुसतं हातात घ्यायचं तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगी लागते, ती राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडून येते. ट्रान्समीटरचं वजन पक्ष्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं, तो बांधायला शिकलेला हात लागतो. आपल्याकडे ओळखीसाठी पक्ष्याच्या पायात नंबराची कडी घालण्याचं काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची माणसं करतात, मीही त्यात मदतनीस होतो. मॅडम, मोजणी ही लहान गोष्ट नाही. घरट्यांना नंबर द्या, दर वेळी एकाच जागेवरून, एकाच वेळी बघा. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लू आईबापाच्या पोटाखाली असतं, तेव्हा "दिसलं नाही" असं लिहा, "नाही" असं लिहू नका. अंड्यातून आल्यापासून साधारण दोन महिन्यांनी उडतं.

नांदूरकर
मीही तेच म्हणते, एकाच जागेवरून बघा. नांदूरमधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात मी स्पॉटिंग स्कोप वापरते, म्हणजे स्टँडवरची एका डोळ्याची दुर्बीण, २० ते ६० पट मोठं दाखवणारी. खरं सांगते, ६० वर कधीच नेत नाही. नऊनंतर हवा तापली की सगळं पाण्यात बघितल्यासारखं हलतं. २५ पट भरपूर झाले, पण स्टँड जड हवा. मी हलका घेतला, वाऱ्याने स्कोपसकट पडला आणि दुरुस्तीला सहा हजार गेले.

रानवाट_७२
ट्रेल कॅमेरा, म्हणजे हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा, झाडावर बांधू नका, हे हात जोडून सांगतो. आम्ही बगळ्यांच्या वस्तीत बांधला होता. माणूस वर चढला, पक्षी उठले, वीस मिनिटांत कावळ्यांनी चार घरट्यांतली अंडी फोडली. मी खाली उभा राहून बघत होतो. अजून डोळ्यांपुढून जात नाही.

भिगवण_क्लिक
म्हणूनच म्हणतो, लांबून लेन्स.

लोहित_किनारा
नोकरीसाठी आसामात असतो. इथे दादरा गावात हरगिल्यांच्या झाडांखाली जाळी बांधतात, म्हणजे पडलेलं पिल्लू जमिनीवर आपटत नाही. हरगिलाही करकोचाच. पूर्णिमा देवी बर्मन यांनी गावातल्या बायकांना सोबत घेऊन हे काम उभं केलं, २०२२ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण पुरस्कार मिळाला. तुमचे १५ हजार जाळीला घाला.

उजनीकाठ
जाळी हवी तेवढी देतो, आमच्याकडे जुनी पडलीच आहे.

कडीवाला
मासे धरायची नको, भाऊ. तिच्यात पिल्लाचे पाय अडकतात. शेडनेट घ्या, ताणून, कुत्र्याची उडी पोचणार नाही एवढी उंच. पडलेल्या पिल्लाच्या चोचीत पाणी ओतू नका. टोपलीत ठेवा आणि वनखात्याला फोन करा.

चिंचेची_शाळा
सगळ्यांचे मनापासून आभार. स्कोप, लेन्स, ट्रान्समीटर यातलं काहीच घेतलं नाही. माझे दीर रस्त्याच्या कामावर असतात, त्यांच्याकडचं जुनं लेव्हल मशीन, म्हणजे जमिनीची पातळी मोजायची दुर्बीण, तिवईसकट पडून होतं. ते गच्चीवर मांडलं. २४ पट मोठं दिसतं, आणि एका वेळी बरोबर एक घरटं मावतं. यंत्राखाली अंशांची चकती असते. देवळाच्या कळसावर शून्य लावायचं आणि फिरवत जायचं, प्रत्येक घरट्याचा अंश हाच त्याचा नंबर. कोणतंही मूल आलं तरी त्याच घरट्यावर येतं. यंत्र वर-खाली कलत नाही, त्यामुळे २३ पैकी ९ घरटीच दिसतात. तेवढीच नीट बघू. वर्गणीतून शेडनेट आणि बांबू आणले, उरलेले पैसे नोंदवहीसाठी ठेवलेत.

शनिवारी सकाळी सातला ११२ अंशावर तीन पिल्लं. दोन उभी होती, पांढऱ्या लवेतून पंखांवर काळं दिसायला लागलंय. तिसरं बसलेलं. आईने मासा ओकला तो दोघांनीच खाल्ला. सातवीतल्या मुलीने वहीत लिहिलंय, "धाकट्याला मिळाला नाही, पुढच्या वेळी आधी त्यालाच बघायचं."

नांदूरकर
लेव्हल मशीन! २४ पट पुरेसं आहे. पण तिवईच्या पायांत विटा ठेवा.

भिगवण_क्लिक
भिंगाला मोबाईल लावून त्या धाकट्याचा एक फोटो टाका, मॅडम. जागा कळेल असा नको.