मदत हवी आहे: मुलांना अमन (शांतता), इन्साफ (न्याय) आणि इत्तेहाद (एकी) कसा समजावून सांगावा?

सदरबाजारची_आपा

सर्वांना सलाम आणि नमस्कार.

आमच्या मोहल्ल्यात दर रविवारी सकाळी मी मुलांचा वर्ग घेते. वय आठ ते तेरा, मुलं-मुली एकत्र. कायदा (अरबी अक्षरओळख), नाजरा (कुराण बघून वाचणं), दुआ हे सगळं रोज संध्याकाळी हाफिजसाहेब बघतात. माझ्याकडे असते ती दीनी, म्हणजे धर्माची, समज आणि तरबियत (संस्कार). घरात दखनी बोलत असली तरी ही बहुतेक मुलं मराठी शाळेत जातात. त्यामुळे मी मराठीतच शिकवते. मराठीत विचारलं की ती मनातलं मोकळेपणी बोलतात, हे मी बघितलंय.

सध्या अमन, इन्साफ आणि इत्तेहाद हे तीन विषय घेतलेत. पाठांतराची काही अडचण नाही. निरपराध माणसाला मारणं म्हणजे साऱ्या माणसांना मारणं, ही कुराणातल्या सूरह (अध्याय) माइदातली ३२वी आयत (वचन) सगळ्यांना अर्थासकट येते. अडलंय ते त्याच्या पुढं. जून २०२३ मध्ये मोबाइलच्या स्टेटसवरून कोल्हापुरात जी दंगल झाली ती मोठ्या मुलांना नीट आठवते. जुलै २०२४ मध्ये विशाळगडाच्या वाटेवर गजापूरला घरांची आणि मशिदीची तोडफोड झाली, त्याचे व्हिडिओ तर सगळ्यांनीच पाहिलेत. एका मुलानं सरळ विचारलं, "आपा, अमन आपणच का ठेवायचा?" त्यावर दुसरा म्हणाला, "इत्तेहाद म्हणजे आपण सगळे एक होऊन त्यांना दाखवायचं, हेच ना?"

गप्प बसा आणि सोसा, असं मला मुलांना शिकवायचं नाही. तो आपला दीनही नाही. अन्याय झाला तर बोललं पाहिजे, दाद मागितली पाहिजे. पण आपल्याला राग आलाय म्हणून दुसऱ्यावर अन्याय करायची मुभा मिळत नाही, हे त्यांच्या आत उतरायला हवं. माइदाचीच आठवी आयत आहे: एखाद्या लोकांबद्दलच्या वैरापोटी इन्साफ सोडू नका, इन्साफ करा, तोच तक्व्याच्या (अल्लाहचं भय राखून वागण्याच्या) अधिक जवळ आहे. मोठ्यांनाही हे पेलत नाही. दहा वर्षांच्या पोरापुढं ते कसं मांडू? नुसता उपदेश केला की मुलं माना डोलावतात आणि बाहेर पडल्यावर मोबाइलवर जे दिसतं तेच खरं धरतात.

आणखी एक. माझ्याकडे मुसलमानांतल्याच वेगवेगळ्या जमातींच्या (पंथांच्या) घरातली मुलं येतात. कोणी दर्ग्यावर जातं, कुणाच्या घरी ते चालत नाही. "त्यांची नमाज होते का?" इथपर्यंत मुलांची भांडणं जातात. एकीचा धडा तिथूनच सुरू करायला हवा, असं मला वाटतं. गोष्टी, खेळ, उपक्रम, जे काही सुचेल ते सांगा.

हाफिज_करवीर

वालेकुम सलाम आपा. माइदाची आयत आधी सांगू नका, आधी गोष्ट सांगा. सूरह निसाच्या १०५ ते ११२ या आयती कोणत्या प्रसंगी उतरल्या, ते तफसीरमध्ये (कुराणावरच्या भाष्यात) येतं. एका रिवायतीप्रमाणे (परंपरेनं आलेल्या कथनाप्रमाणे) मदीन्यात एका मुसलमानानं चिलखत चोरलं आणि आळ ढकलला एका यहुदी माणसावर. चोराचे भाऊबंद एकजुटीनं हुजूर (स.), म्हणजे पैगंबर, यांच्याकडे गेले, आमचा माणूस निर्दोष आहे म्हणून. सगळे एका तोंडानं बोलत होते. आणि वही (अल्लाहचा संदेश) उतरली ती त्या यहुद्याला निर्दोष ठरवणारी. खियानत (विश्वासघात) करणाऱ्यांची वकिली करू नका, असा सरळ हुकूम आला.

तुमच्या त्या दुसऱ्या मुलाला उत्तर यातच आहे. ते भाऊबंद एक झाले होतेच की, पण खोट्यासाठी. याला जोडून ती हदीस (पैगंबरांचं वचन) सांगा: आपल्या भावाला मदत करा, तो जालिम (जुलूम करणारा) असो की मजलूम (जुलूम सोसणारा). सहाबांनी (साथीदारांनी) विचारलं, मजलूमला मदत करू, पण जालिमला कशी? तर फरमावलं, त्याचा हात जुलमापासून रोखा, हीच त्याला मदत. मुलांना ही हदीस फार आवडते, कारण त्यांनाही तोच प्रश्न पडलेला असतो.

जमातींच्या भांडणासाठी हजरे-अस्वदची गोष्ट घ्या. नबुव्वत (पैगंबरपद) मिळायच्या आधीची, हुजूर तेव्हा ३५ वर्षांचे होते. काब्याची दुरुस्ती झाली आणि काळा दगड जागेवर कोणी बसवायचा यावरून मक्केतल्या कुरैश टोळीच्या घराण्यांत तलवारी निघायची वेळ आली. सकाळी पहिला जो आत येईल त्याचा निवाडा मानायचा ठरलं. आले ते हुजूर. त्यांनी चादर पसरली, दगड मधे ठेवला, प्रत्येक घराण्याच्या सरदाराला चादरीची कड धरायला लावली आणि वर उचलल्यावर स्वतःच्या हातानं दगड बसवला.

खडू_फळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. धर्माचं मला फारसं कळत नाही, पण वर्ग कसा घ्यायचा ते सांगू शकते. हाफिजसाहेबांची ही चादरीची गोष्ट सुरेख आहे, फक्त ती पूर्ण सांगू नका. भांडण रंगलं की थांबा. मुलांचे चार गट करा, खरी चादर आणि एक जड पाटा समोर ठेवा आणि म्हणा, सोडवा आता. अर्धा तास लागला तरी मधे बोलू नका. मुलं आधी चिठ्ठ्या टाकतील, मग वयानं मोठा कोण ते काढतील, रुसतीलही. त्यानंतर पुढची गोष्ट सांगितली की ती त्यांची स्वतःची होते.

चिलखताच्या गोष्टीतही तेच करा. काही मुलांना भाऊबंद करा, एकाला आळ आलेला माणूस. नंतर आधी त्या आळ आलेल्याला विचारा, तुला तिथं उभं राहून काय वाटलं? मात्र रोज जो वर्गात चिडवला जातो त्याला ती भूमिका देऊ नका. हे फार महत्त्वाचं आहे, आपा.

इचल_मोमीन

आपा, आमच्या गावचं सांगतो. २०२० साली कोरोनात इचलकरंजीच्या मुस्लिम समाजानं जकात (धर्मानं बंधनकारक केलेलं दान) आणि देणगीतून ३६ लाख रुपये उभे केले आणि आयजीएम रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग करून दिला. रमजान ईदला त्याचं उद्घाटन झालं. तिथं कोण झोपणार, त्याचा धर्म कुठला, हा प्रश्नच नव्हता. सूरह माऊन मुलांना पाठ असणारच: अनाथाला धुडकावणारा, गरिबाच्या जेवणासाठी कुणाला उद्युक्त न करणारा, शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तू नाकारणारा. ती सूरह आणि हा दवाखाना एकाच तासाला शिकवा.

पेठेतला_जुना

राजर्षींना विसरू नका. १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली तेव्हा शाहू महाराज स्वतः अध्यक्ष झाले. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग त्यातूनच आलं. कुराणाचं मराठी भाषांतर व्हावं म्हणून त्यांनी पैसा दिला. आणि मोहरमला पेठेतल्या तालमींत पंजे (इमाम हुसेन यांच्या स्मरणाची निशाणं) बसतात, हिंदू घरांतून नैवेद्य येतो, ती एकी मुलांना दाखवाच. कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतो, तेही सांगा.

हाफिज_करवीर

काका, बोर्डिंगबद्दल शंभर टक्के मान्य. पंजांचं मात्र वर्गात नको. आपांकडच्या निम्म्या घरांना ते पटणार नाही आणि मुलांवरच ओढाताण येईल.

सदरबाजारची_आपा

सगळ्यांचे मनापासून आभार. चिलखताची गोष्ट मी वाचली होती, पण ती मुलांपुढं अशी ठेवावी हे सुचलं नव्हतं.

काका, हाफिजसाहेब, दोघांचंही पटतं. पंजे बरोबर की चूक, हा निवाडा मी वर्गात करणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण तालमीत कोण कोण येतं, शेजारी एकमेकांशी कसे वागतात, हे तर मुलं डोळ्यांनी बघतातच. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल सूरह निसाची ३६वी आयत जवळचा शेजारी आणि अनोळखी शेजारी दोघांचंही नाव घेते. तिथून बोलीन. प्रथेवरचा वाद घराघरात राहू दे, शेजारधर्मावर वाद नको. बोर्डिंग बघायला तर नेतेच मुलांना.

खडू_फळा ताई, भूमिकेबद्दल सांगितलंत ते लक्षात ठेवते. वर्गात असा एक मुलगा आहे.

पहिला प्रश्न मात्र अजून पुरता सुटला नाही. "आपणच का?" विचारणाऱ्या मुलाला गोष्टीसोबत रस्ताही दाखवायला हवा. अन्याय झाला तर नेमकं कुठं जायचं, काय म्हणायचं, हे त्याला कळलं तर हातात दगड घेण्याशिवाय दुसरं काही असतं हे तो मानेल. कोल्हापुरातले कोणी वकील मुलांशी बोलतील का?

कोर्टाची_पायरी

येतो. जिल्हा न्यायालयात वकिली करतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना पुरेल एवढं सांगेन: फिर्याद तोंडी दिली तरी पोलिसांना ती लिहून घेऊन वाचून दाखवावी लागते, तिची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, आणि गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. राज्यघटनेचं कलम १४ आणि २५ मराठीतून मुलांकडूनच वाचून घेऊ. एक खोटी फिर्याद लिहायला लावून तिचं काय होतं तेही दाखवेन, म्हणजे चिलखताच्या गोष्टीला जोडून होईल. ती गोष्ट आधी घ्या, मी त्याच्या पुढच्या रविवारी येतो. वेळ आणि पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सदरबाजारची_आपा

व्यनि केलाय, भाऊ. मुलींचे पालकही बसायचं म्हणतायत, चालेल ना?

कोर्टाची_पायरी

चालेल. त्यांनाही घटनेची प्रत आणून देतो.