२५ मीटरमधले शेवटचे दहा मीटर

सकाळचीबॅच

वय ४७. या उन्हाळ्यात पोहायला शिकायचं ठरवलं आणि खरंच पाण्यात उतरले. आज ३७ वा दिवस. किकबोर्ड, म्हणजे ती तरंगणारी फळी, धरून पलीकडच्या काठापर्यंत जाते. उताणी पडून आभाळाकडे बघत तर कितीही वेळ तरंगू शकते. घोडं अडलंय ते एकाच जागी. फ्रीस्टाइलने निघाले की पंधरा मीटरच्या आसपास दम संपतो, मान वर येते, पाय खाली जातात आणि मी बाजूची दोरी पकडते. तलाव २५ मीटरचा आहे, म्हणजे शेवटचे दहा मीटर अजून माझे झालेले नाहीत.

थोडं मागचं सांगते. नऊ वर्षांची असताना शिकवणाऱ्यांनी मला मागून ढकललं होतं. पाण्यात पडलं की आपोआप येतं, अशी त्यांची समजूत होती. त्या दिवसाचं पाणी आठवत नाही, कानात भरलेला घुमणारा आवाज तेवढा आठवतो. त्यानंतर ३८ वर्षं मी काठावर होते. माझी दोन्ही मुलं पोहायला शिकली तेव्हा त्यांचे टॉवेल सांभाळत बाकावर बसायचे. मला आवडतं का, असं कोणी विचारलं नाही आणि मीही कधी बोलले नाही. पण आवडायचं. मुलं ओल्या केसांनी बाहेर येऊन गरम फरशीवर पालथी पडायची, ते बघताना पोटात काहीतरी हलायचं.

यंदा रक्तदाब थोडा वर गेला आणि डॉक्टरांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं हालचाल करायला सांगितली. चालायला लागले तर गुडघे बोलायला लागले. पाण्यात तसं होत नाही. छातीइतक्या पाण्यात उभं राहिलं तर पायांवर शरीराचं जेमतेम एक तृतीयांश वजन येतं, हे मला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं आणि दुसऱ्याच मिनिटाला गुडघ्यांना पटलं.

आमची वेळ सव्वासहाची. त्या वेळी ऊन तिरपं येतं आणि तळाच्या फरशीवर उजेडाची जाळी पडते. लाटेचा प्रत्येक फुगवटा भिंगासारखं काम करतो, म्हणून ती जाळी सारखी विणली जाते, उसवते, पुन्हा विणली जाते. मधून काळ्या फरश्यांची सरळ रेघ जाते. तोंड पाण्यात घालून त्या रेघेवरून सरकत जाणं हे माझं या उन्हाळ्यातलं सगळ्यात मोठं सुख आहे. पंधरा मीटरनंतर तळ उतरता होतो आणि जाळी फिकट होत जाते, तिथपर्यंत.

अडचण दुसरीही आहे. मी वही ठेवली आहे. १२ मीटर, १४, १३, १५, १५, आणि परवा ११. त्या अकराच्या दिवशी घरी आले आणि दिवसभर कोणाशी धड बोलले नाही. रात्री लक्षात आलं की सकाळी उजेडाची जाळी होती की नाही, हेसुद्धा मला सांगता येणार नाही.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. दम नेमका का संपतो? आणि उन्हाळा संपायच्या आत २५ मीटर हे जे ध्येय ठेवलंय, ते ठेवू की सोडून देऊ?

उथळबाजू

मी बरीच वर्षं मोठ्या माणसांनाच पोहायला शिकवतो. लिहिण्यावरून तुमचं बरंच काही नीट चाललेलं दिसतंय. मला एकच सांगा, श्वास सोडता कुठे? पाण्यात, की मान वळवल्यावर?

दहातले नऊ जण मान वळवली की आधी सोडतात आणि मग घेतात. तोंड पाण्याबाहेर असतं जेमतेम एखादा सेकंद. तेवढ्यात दोन्ही कामं होत नाहीत, मग अर्धा सोडलेला आणि पाव घेतलेला श्वास घेऊन माणूस पुन्हा पाण्यात जातो. असं चार-पाच वेळा झालं की छाती हवेने भरलेली असते आणि तरी जीव घुसमटतो. कारण श्वासाची ओढ लागते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो म्हणून. ऑक्सिजन संपल्यामुळे नव्हे. तुमच्याकडे हवा असते, ती शिळी असते.

काठ धरा, तोंड पाण्यात घाला आणि नाकातून 'म्म्म' असा गुणगुणल्यासारखा आवाज काढत राहा. आवाज चालू आहे म्हणजे श्वास बाहेर पडतोय. तोंड वळवायच्या क्षणी उरलेला एकदम फुंकून टाका. घ्यायचं वेगळं शिकावं लागत नाही, ते शरीर स्वतः करतं. रोज पाण्यात उतरल्यावर पहिल्यांदा हे वीस वेळा.

दुसरं, मान. डोकं चार-पाच किलोचं असतं आणि फुफ्फुसं छातीत असल्यामुळे आपला तरंगता भाग छातीपाशी, तर वजनाचा मध्य त्याच्या खाली बेंबीच्या आसपास. त्यामुळे पाय बुडायला टपलेलेच असतात. डोकं वर उचललं की तराजू लगेच त्यांच्या बाजूला झुकतो. श्वास घेताना एका डोळ्याचा गॉगल पाण्यातच राहिला पाहिजे. आपण पुढे सरकत असताना डोक्याच्या बाजूला पाण्यात एक खळगा तयार होतो, तोंड त्या खळग्यात असतं. तिथे हवा आहे यावर विश्वास ठेवायला वेळ लागतो, पण ती असते.

आणि एक कळकळीने सांगतो. दम वाढावा म्हणून निघण्याआधी भराभरा खोल श्वास घेऊ नका. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र उतरतो. म्हणजे धोक्याची घंटाच बंद होते आणि माणूस कसलीही जाणीव न होता पाण्याखाली शुद्ध हरपू शकतो. चांगले पोहणारेसुद्धा असे गेले आहेत. दम कोंडून पाण्याखाली राहण्याच्या पैजा मी माझ्या बॅचमध्ये लावू देत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

पायवाट

मला पोहण्यातलं कळत नाही, मी चालणारी. वहीबद्दल मात्र बोलू शकते.

मी दोन वर्षं रोजच्या १०,००० पावलांच्या मागे होते. रात्री दहा वाजता ८,७०० दिसले की घरातल्या घरात फेऱ्या मारायचे. मग कधीतरी वाचलं की हा आकडा कुठल्याही वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विक्रीला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलं मोजणारं' असा होता. वाचून मला चक्क रडू आलं, कारण त्या आकड्यापायी मी चालण्याची कितीतरी छान संध्याकाळ वाया घालवली होती.

आता मी पावलं लिहीत नाही. उन्हाळ्यात पहाटे निघते आणि पहिला पक्षी किती वाजता बोलला तेवढं लिहिते. उन्हाळा चढतो तशी ती वेळ मागे मागे सरकत जाते आणि तिच्याबरोबर माझं उठणंही. वही तीच, पण आता ती उघडताना छातीत धडधडत नाही.

परवाच्या ११ मीटरचं मनाला लावून घेऊ नका. सवयी कशा लागतात यावर लंडनमध्ये झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ पुरले, तर कोणाच्या बाबतीत हिशेब थेट २५४ वर गेला. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने कोणाचं फारसं बिघडलं नाही. तुम्ही ३७ व्या दिवशी आहात, एकही दिवस सुटलेला दिसत नाही. माझं मत विचाराल तर २५ चा आकडा सोडून द्या.

दमसास

मी ६१ व्या वर्षी शिकलो, आता ६६ चा आहे. पायवाट यांचं म्हणणं मनापासून आवडलं, पण मला ते पटत नाही. ताई, आकडा सोडू नका. कंटाळा आला त्या कितीतरी सकाळी मला पाण्यापर्यंत ओढून नेलं ते आकड्यानेच. फक्त मीटर मोजण्याऐवजी श्वास मोजा. आज सहा श्वास नीट झाले, आज आठ. सहा श्वासांत किती अंतर कापलं ते पाण्यावर सोडा.

पण मला खरं बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीवर. तुम्ही एक वाक्य जाता जाता लिहून गेलात. पंधरा मीटरनंतर तळ उतरता होतो. आणि दमही पंधरा मीटरलाच संपतो. मी ते वाक्य तीनदा वाचलं. उथळबाजू म्हणतात ते श्वासाचं बरोबरच आहे, तरी मला शंका आहे की तुमचा दम संपत नसून तळ संपतोय. जाळी फिकट झाली की मान वर येत असणार. माझंही हेच होत होतं. मला तर कोणी ढकललंही नव्हतं.

तपासायचा सोपा मार्ग आहे. एक दिवस उलट्या बाजूने निघा, खोलाकडून उथळाकडे. शिकवणाऱ्या बाईंना शेजारी राहायला सांगा, जीवरक्षकालाही सांगून ठेवा. पंधरा मीटरला काय होतं ते बघा.

आणि दोरी पकडणं बंद करा. तुम्हाला उताणं तरंगता येतं, कितीही वेळ, हे तुम्हीच लिहिलंय. अहो, ही केवढी मोठी गोष्ट आहे! दम संपला की कुशीवर वळल्यासारखं वळा, उताण्या व्हा, चार श्वास घ्या, पाय हलवत राहा, पुन्हा पालथ्या व्हा आणि पुढे चला. काठ येईपर्यंत. पहिले काही दिवस त्या दहा मीटरमध्ये तीनदा वळाल, मग दोनदा. हरकत नाही. दोरी पकडली की शरीर एवढंच शिकतं की इथे पाणी संपतं. वळलात तर कळेल की तिथेही तेच पाणी आहे.

सकाळचीबॅच

पंधरा दिवसांनी लिहिते आहे. आज ५२ वा दिवस.

उथळबाजू, तुमचं बरोबर होतं. मी श्वास बाहेरच सोडत होते. 'म्म्म' करायला लागल्यावर पहिल्यांदा गॉगलसमोरून बुडबुडे गेलेले दिसले, इतक्या दिवसांत माझे स्वतःचे बुडबुडे मी पाहिलेच नव्हते! मान अजून उचलली जाते, पण एक डोळा पाण्यात ठेवायची आठवण ठेवते.

दमसास, तुमचा निरोप वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. ते वाक्य मी लिहिलं होतं आणि मलाच दिसलं नव्हतं. ४१ व्या दिवशी खोल बाजूने निघाले. काठ सोडायला मिनिटभर लागलं. बाई हाताच्या अंतरावर होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत आणि घाई केली नाही, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. निघाले. सुरुवातीला खाली नुसता गडद निळा रंग. मग हळूहळू तळ वर यायला लागला, जाळी स्पष्ट होत गेली, आणि पंधरा मीटर कधी गेले ते कळलंच नाही. एकोणीसला थांबले. त्या संध्याकाळी घरी सगळ्यांना ढकलल्याची गोष्ट सांगितली. नवऱ्यालाही माहीत नव्हती. धाकटा म्हणाला, आई, मग तू आमचे टॉवेल घेऊन बसायचीस तेव्हा तुला भीती वाटायची का? हो म्हणाले.

मग रोज उथळाकडून खोलाकडे, वळत वळत. पहिल्या दिवशी चारदा वळले. खोल पाण्यावर उताणं पडलं की आभाळ तेच दिसतं, खालचा तळ कुठे आहे याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. हे कळायला मला इतकी वर्षं लागली. नंतर तीनदा, बरेच दिवस दोनदा. वही चालू आहे, पण पायवाट यांचं ऐकून मीटरच्या रकान्यावर रेघ मारली. आता श्वास लिहिते आणि जाळी होती की ढग, ते लिहिते.

आज चौदाव्या श्वासानंतर मी वळायची वाट बघत होते, म्हणजे वळावंसं कधी वाटेल याची. वाटलं नाही. खाली काळी रेघ चालूच होती, पंधराव्याला, सोळाव्याला. आणि मग अचानक ती संपली. शेवटी तिला एक आडवी रेघ होती, इंग्रजी टी अक्षरासारखी. मी गोंधळले, काहीतरी चुकलं असं वाटलं, आणि तेवढ्यात बोटं भिंतीला लागली.

किकबोर्डवर असायचे तेव्हा तोंड वर असायचं, वळत गेले त्या दिवसांत शेवटचा टप्पा नेहमी पाठीवरच झाला, म्हणून ती आडवी रेघ आजवर दिसलीच नव्हती. उथळबाजू, ती कशासाठी असते?

उथळबाजू

भिंत दोन मीटरवर आली हे डोकं वर न काढता कळावं म्हणून. अभिनंदन ताई. उद्यापासून ती दिसली की एक हात पुढे लांब ठेवा आणि नजर खालीच असू द्या.