पारावरची वही आणि तहकूब ग्रामसभा

एका ताईंनी लिहिलं होतं की आपले पुढारी फक्त लग्नाच्या हळदीला आणि मयताच्या दारावरच भेटतात. बऱ्याच गावांत तसंच आहे. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्यातल्या गावात मात्र एका उन्हाळ्यात वेगळं घडलं.

नळाला बाराव्या दिवशी पाणी यायचं. सरपंच संध्याकाळी पारावर येऊन बसले. एका आजीने थेट विचारलं, "आमना पानीनं काय?" त्यांनी आश्वासन दिलं नाही, वही काढली. कोणत्या गल्लीत व्हॉल्व्ह कधी उघडतो, पाणी किती वेळ टिकतं, सगळं बायकांना विचारून लिहून घेतलं. तेव्हा कळलं, खालच्या गल्लीत नळाला मोटारी लावून पाणी ओढलं जात होतं. मोटारी निघाल्या आणि पाणी सहाव्या दिवशी यायला लागलं. आजही ती वही आठवली की बरं वाटतं.

पण एका भल्या माणसावर विसंबून कसं चालेल? वर्षाला किमान 4 ग्रामसभा आणि प्रत्येकीआधी महिला सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100, यांतली कमी संख्या. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही! मग पाच-दहा जणांत ठराव होतात. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला आपल्या बाया कापूस वेचायला शेतात असतात. सभा संध्याकाळी घ्या, ही मागणी आधी लेखी द्या आणि पोच घ्या.