गुळवेल कुंपणावरची आहे म्हणून वर्षभर प्यायची?

संत्रासाल: काल इथं कुणीतरी लिहिलं, ‘गुळवेलीचा काढा रोज उपाशीपोटी, वर्षभर घ्या. निसर्गाचं आहे, साइड इफेक्ट शून्य.’ खाली हात जोडणाऱ्यांची रांग. रात्रभर डोक्यात फिरत होतं, म्हणून लिहितो.

करोनात माझी आई चार महिने हाच काढा प्यायली. वेल आमच्याच नागपूरच्या, मानेवाड्याच्या घरची. मग डोळे पिवळे, काविळीत वाढतं ते बिलिरुबिन १४. काढा बंद केल्यावर उतरायला सात आठवडे लागले. त्यात मावशीचा फोन, ‘काविळीची माळ घाल, भुईआवळा दे.’ म्हणजे झाडपाल्यानं बिघडलं, त्यावर झाडपालाच! २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांच्या यकृताबद्दल लिहिलं होतं. तेव्हा कुणी हात जोडले नाहीत.

मात्रा_अनुपान: आयुष मंत्रालयानं त्यावर दिलेलं उत्तर सोयीनं गाळलंत. वनस्पती नीट ओळखलीच नव्हती, असा त्यांचा आक्षेप होता. गुळवेलीच्याच कुळातली दुसरी वेल, टिनोस्पोरा क्रिस्पा, दिसायला जवळपास तशीच, फक्त खोडावर गाठी जास्त. तुमची वेल कुणाला दाखवली होती? आणि नाडी, प्रकृती न बघता वर्षभर काढा प्या असं कोणता वैद्य सांगतो? मोबाइलवर वाचून प्यायचं आणि खापर आयुर्वेदावर. पॅरासिटामॉलनंही लिव्हर जातं.

संत्रासाल: पॅरासिटामॉलच्या पाकिटावर मात्रा छापलेली असते. कुंपणावर नसते.

इतवारी_काष्ठौषधी: भाऊ, आमचं दुकान आजोबांपासून हाय. लोकं पाव किलो हिरडा मागतात आन् घेऊन जातात बेहडा, दोष कोनाचा? गुळवेल घ्यायची तर कडुनिंबावर चढलेली. तारेवरची काहून घ्यावं बाप्पा?

सिमेंटग्रस्त: कडुनिंब? कुठं राहिलाय? आमच्या गल्लीत दोन होते. सिमेंट रोड करताना बुंध्याला चिकटून काँक्रीट ओतलं, उरलेल्या जागेत गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक. दुसऱ्या पावसाळ्यात एक आडवा, दुसरा उभ्या-उभ्या वाळला. दिल्लीत हरित लवादानं २०१३ मध्येच झाडाभोवती मीटरभर माती मोकळी ठेवा म्हणून सांगितलं होतं. इथं ४५ अंशात सावली शोधतो आम्ही, तुम्ही काढे उकळत बसा.

फुटाळा_मॉर्निंगवॉक: नाहीतर खड्ड्यांतून कंबर मोडून घ्यायची होती का? प्रत्येक गोष्टीत रडगाणं.

सिमेंटग्रस्त: कंबर तुमची वाचली, घर आमचं बुडालं. रस्ता उंबऱ्यापेक्षा फूटभर वर गेलाय. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला, त्या पहाटे मी फ्रिज पलंगावर चढवत होतो. तेव्हा कुठं वॉकला होता?

फुटाळा_मॉर्निंगवॉक: तलाव ओसंडला तो रस्त्यामुळं? कमाल आहे तुमची. पण बुंध्याभोवती काँक्रीट नको, तेवढं मान्य. खूश?

सिमेंटग्रस्त: खूश? झाड परत लावून द्या.

रामदासपेठची_सून: गुळवेलीवर बोलाल का कुणी? सर्पगंधेचंच घ्या. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावर तिचा उपयोग दाखवला, जगभर गाजली. पुढं तिच्यातलं रेझर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं निघालं, तेव्हा त्यानं माणसं उदास होतात हेही दिसलं. ज्यात गुण आहे त्यात अवगुणही असणार. शून्य साइड इफेक्ट फक्त पाण्यात उकळलेल्या पाण्याला, आणि तेही बेतानं.

मात्रा_अनुपान: हेच मी म्हणत होतो.

संत्रासाल: नाही, तुम्ही मोबाइलला शिव्या देत होतात.

मात्रा_अनुपान: बरं. एक विचारतो, उत्तर खरं द्या. आईंना थायरॉइड आहे?

संत्रासाल: आहे. ऑटोइम्यून. डॉक्टरांनीही तेच विचारलं होतं.

मात्रा_अनुपान: मग अशांना मीही गुळवेल दिली नसती. त्यांची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या अंगावर धावून येते, तिला आणखी डिवचायचं कशाला? हे त्या वर्षभरवाल्या पोस्टखाली लिहायला हवं होतं, हे कबूल. पण तुमची वेल कोणती होती, हे अजून सांगितलं नाहीत.

संत्रासाल: रागात उपटून जाळली. गाठी होत्या की नव्हत्या, आता कोण सांगणार.

इतवारी_काष्ठौषधी: पन चढली कशावर होती, ते तर सांगा.

संत्रासाल: आधी कडुनिंबावर. तो रस्त्यात गेला. मग कुंपणावरून विजेच्या खांबावर.

सिमेंटग्रस्त: 🙏